चाकाखालच्या वाट्या

“रबराच्याच घेऊ,” दीक्षा म्हणाली आणि तिनं मोबाईल आईपुढं धरला. “बघ. चाक वाटीत बसतं, फरशीला खड्डा पडत नाही. आणि हादरा सगळा रबर खाऊन टाकतं.”

सुमनबाईंनी नीट पाहिलं. “मग नको.”

सोलापूरच्या एका शाळेनं मोडीत काढलेला पियानो सास्तूरच्या या घरात येऊन बारा दिवस झाले होते. दोनशे किलोचं धूड, खाली चार पितळी चाकं. दीक्षा त्यावर सात पोरींना शिकवायची. पण बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला की कुणी हात न लावता पियानो गुणगुणायचा.

“म्याडम, भूत हाय ह्यात,” शिवलीला म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मग आणखी दोघी आल्या नाहीत.

म्हणून रबर.

तेव्हा

त्र्याण्णव साल. सप्टेंबरची शेवटची पहाट.

आधी फळीवरची भांडी वाजली.

सुमन झोपेत म्हणाली, “शुक शुक.” मांजर असेल.

कूस बदलली.

पलीकडं, भिंतीशी, तीन वर्षांची भाग्यश्री निजली होती.

भांडी वाजली आणि भिंत आली, यात किती वेळ गेला? सुमनबाईंना अजून ठरवता आलेलं नाही. एक ‘शुक शुक’ एवढा. ‘भागे, ऊठ’ म्हणायला तेवढाच लागला असता.

त्यानंतर

दीक्षा दोन वर्षांनी झाली. आपल्याला भाग्यश्री नावाची बहीण होती एवढं तिला माहीत आहे. मांजराचं माहीत नाही.

सुमनबाईंनी अंगणवाडीत तीस वर्षं काढली. पोरं निजवताना दार कधी लावलं नाही.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राहायचे तेव्हा सगळेच उशाशी पेल्यावर पेला पालथा रचून झोपत. जमीन हलली की पेले पडावेत, जाग यावी. पुढं लोकांनी सोडलं. सुमनबाईंच्या उशाशी तीन पेले अजून असतात.

लाकूड

“किती पायजेत, अक्का?” वखारीतल्या चन्नबसप्पानं विचारलं.

“चार वाट्या. पियानोच्या चाकाखाली.” त्यांनी मापाचा दोरा काढून दिला.

“आंबा नको, चाक रुतंल. सागवान घ्या. दिसायलाबी झ्याक.”

“दिसायचं ऱ्हाऊ द्या. हादरा खाणारं नको.”

“म्हंजी?”

“खालचा हादरा वर पोचाया पायजे.”

चन्नबसप्पा हसायच्या बेतात होता. हसला नाही. त्यानं बाभळीचा एक तुकडा उचलला, एक टोक त्यांच्या कानाशी धरायला दिलं आणि दुसऱ्या टोकाला नखानं टिचकी मारली.

“आलं ऐकू?”

“व्हय.”

“बाभूळ. स्वतःजवळ काय ठिवत न्हाय.”

त्याच्या मागं, खिळ्यांच्या डब्याशेजारी, तीन पेले पालथे रचले होते. वखारभर भुसा होता. पेल्यांवर नव्हता. सुमनबाई तिकडं पाहत राहिल्या. त्यानंही वळून पाहिलं.

“परवा न्या,” तो म्हणाला. “घट्ट बघून करतो.”

बसवलं

शेजारच्या दोघांनी पहारीनं एकेक कोपरा उचलला. सुमनबाईंनी आडवं पडून, हात आत घालून, वाट्या स्वतः सरकवल्या.

रबराच्या वाट्यांचं खोकं त्याच दुपारी आलं.

“आई, पोरी यायच्या नाहीत. क्लास बंद पडेल माझा. एवढं कळत नाही तुला?”

“कळतं.”

“लोक हसतायत. म्हणतात, म्हातारी भूत पाळती.”

सुमनबाई लसूण सोलायला बसल्या.

“संध्याकाळी त्या दोघांना पुन्हा बोलावते,” दीक्षा म्हणाली. “रबर बसवून टाकू.” तिनं खोक्याची चिकटपट्टी ओढली.

रस्त्यानं ट्रॅक्टर आला. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या. पियानो गुणगुणला, आधी जाड तारा, मग बारीक. आधीपेक्षा जास्त.

सुमनबाईंचे हात थांबले. त्या भिंतीकडं वळल्या. तिथं कुणी नव्हतं.

“भागे,” त्या हळूच म्हणाल्या, “ऊठ.”

ट्रॅक्टर गेला. तारा निवल्या. त्यांनी पुढची पाकळी घेतली.

दीक्षा उभीच होती. मग तिनं खोक्याची पट्टी परत दाबून चिकटवली. ती नीट चिकटेना, तरी अंगठ्यानं दाबत राहिली.