एकशे पाचवी कळ

मित्रांनो, मी एक जुना कळफलक आहे. दुकानात मला कीबोर्ड म्हणत, घरात खटखट्या म्हणत, आणि दुपारची झोपमोड झाली की शेजारी जे म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या अंगावर एकशे चार कळा आहेत आणि प्रत्येक कळेखाली तिची स्वतःची पोलादी स्प्रिंग आहे. सगळ्यांना मिळून एकच रबरी गादी, असला भिकार संसार आमच्या घराण्यात नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एक लोखंडी बोट होतं. नव्या कळफलकाची कळ न् कळ ते टोचून बघायचं. माझ्या कळा टोचता टोचता ते बोटच वाकलं. त्या वेळी तुम्ही तिथे नव्हता, तेव्हा विश्वास ठेवण्यावाचून तुम्हाला गत्यंतर नाही.

मग मी मावशीच्या घरी आलो. मावशी अक्षरजुळणी करायची, म्हणजे लेखकांनी हातानं लिहिलेली बाडं छापखान्यासाठी संगणकावर उतरवून द्यायची. मावशी ती खरी एका भाचीची. भाची तिच्याकडेच राहायची, आणि तिचं ऐकून अख्खा छापखानाही तिला मावशी म्हणू लागला. खिडकीशी टेबल, टेबलावर मधोमध मी, डावीकडे बाड, आणि बाड उडू नये म्हणून त्यावर कान तुटलेला एक कप.

काय दिवस होते ते! मावशीची बोटं पळू लागली की माझा असा काही कडकडाट व्हायचा, की रस्त्यावरची माणसं छत्र्या उघडायची. एकदा एका रहस्यकथेच्या लेखकानं खुनी कोण ते सांगायच्या आतच बाड संपवलं. मावशीनं दोन दिवस वाट पाहिली आणि माझ्या मदतीनं माळ्याला फासावर चढवलं. लेखक म्हणाले, "मलाही त्याचाच संशय होता!"

मावशी बिस्किटं खात काम करायची, त्यामुळे माझ्या ड च्या कळेखाली मुंग्यांच्या चार पिढ्या सुखानं नांदल्या. ड आणि ढ एकाच कळेवर राहतात, वरच्या ओळीत, उजव्या काठाला, ज च्या शेजारी. तिथला ढ नावाप्रमाणेच आहे, पण मनानं चांगला. मावशी त्यांच्याकडे न बघता करंगळी टाकायची आणि ती कधी चुकायची नाही.

आणि मग एकशे पाचवी कळ आली.

ती माझ्या अंगावर नव्हती. मावशीच्या उजव्या खांद्यात होती. पान संपलं की मावशी माऊसकडे हात लांबवायची आणि म्हणायची, "आई गं!" आधी हळू. मग मोठ्यानं. मग दोन पानांच्या मध्ये ती खांदा धरून नुसती बसून राहू लागली.

भाचीनं तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर तिनं टेबलाकडे, म्हणजे माझ्याकडेच, बोट दाखवलं.

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? माऊस जवळ आला पाहिजे. हा लांबलचक खटखट्या मध्ये आडवा पडलाय. आखूड कीबोर्ड घे, नाहीतर काम सोड."

खोटं कशाला बोलू? माझ्या उजव्या अंगाला आकड्यांची वेगळी वस्ती आहे. तिचा मावशीला काडीचा उपयोग नव्हता, पण तिच्यामुळेच बिचारा माऊस वेशीबाहेर पडला होता.

"काम सोडीन," मावशी म्हणाली. "या वयात बोटांना नवं घर कोण दाखवत बसणार?"

"काम सोडलंस तर दिवसभर माझ्या चुका काढशील. मावशी, मला जगायचंय गं!"

शेवटी नमुना म्हणून मला पिशवीत घातलं आणि तिघंही दुकानात गेलो.

दुकानदारानं काचेवर माझ्याशेजारी एक पिटुकला ठेवला. "हा घ्या काकू. अगदी आटोपशीर. फालतू कळा सगळ्या काढून टाकल्यात."

मावशीनं हात ठेवले आणि लिहिलं, गडबड. पडद्यावर काही नाही. पुन्हा लिहिलं, बडबड. पुन्हा काही नाही!

झालं होतं असं, की त्या पिटुकल्यावर ज च्या शेजारी ड नव्हताच. तिथे खोडायची कळ आणून बसवली होती. मावशी ग लिहायची, ड साठी करंगळी टाकायची, की ग गडप. मग ब लिहायची, तोही गडप.

"अहो, ड कुठाय?"

"त्या कळेवर इंग्रजीत नुसते कंस असतात, काकू, म्हणून काढली. कंस कोण वापरतं?"

"कंस राहू द्या, ड आणा! आमचा निम्मा शब्दकोश भांडणावर चालतो!"

भाची हसून लोटपोट झाली. "घेऊनच टाक मावशी. याच्यावर बडबड करताच येत नाही!"

मी पडल्या पडल्या खूश. म्हटलं, चला, माझ्यावाचून हिचं भागत नाही. पण तेवढ्यात मावशीनं पिशवी उचलली आणि पडेल आवाजात म्हणाली, "बघितलंस? छापखान्याला कळवते, दुसरं कोणी बघा म्हणून." माझी खुशी तिथल्या तिथे विझली.

दुकानदारानं घाईनं दुसरा काढला. त्याला आकड्यांची वस्ती नव्हती, पण काठावरचे ड आणि ढ जागच्या जागी होते. भाचीनं मावशीचे हात धरून त्याच्यावर ठेवले. मावशी भडकली. आणि मावशीची खोड अशी, की हात कळांवर असले म्हणजे ती जे बोलते ते बोटंही लिहीत सुटतात.

"मला नको म्हटलं ना! इथवर ढकलत आणलंस, आता चारचौघांत भिडेला पाडतेस. वेडी आहेस का? तुझी आईही अशीच हेकेखोर. दोघी मिळून मला येड्यात काढता!"

"मावशी," भाची शांतपणे म्हणाली, "पडदा बघ. एक चूक काढून दाखव."

मावशीनं चष्मा सावरला. स्वतःच्याच रागात ती ऱ्हस्व-दीर्घ शोधू लागली. वरून खाली वाचलं, पुन्हा वाचलं. चूक सापडेना. मला मात्र काचेवर पडल्या पडल्या कळून चुकलं होतं. तिची बोटं माझ्या अंगणातून केव्हाच निघून गेली होती. फक्त तिला सांगायचं राहिलं होतं.

"येड्यात नाही, वेड्यात हवं," ती अखेर पुटपुटली, आणि तिनं ते त्याच्यावरच दुरुस्त केलं.

घरी आल्यावर मावशीनं माझी एकेक कळ काढून कोमट पाण्यात धुतली, फडक्यावर वाळवली, परत बसवली आणि मला समोरच्या फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाड उघडलं. नव्याचा आवाज माझ्याहून जरा किरटा आहे, असं माझं मत आहे. पहिलं पान संपलं. तिचा हात माऊसकडे निघाला. मी श्वास रोखला. कळफलकाला श्वास नसतो म्हणाल, तर म्हणा बापडे.

हात पोचला. मावशीनं कपाखालून दुसरं पान काढलं आणि पुढे लिहू लागली. मधे "आई गं" काही ऐकू आलं नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर जपा. धूळ झाडा, मुंग्यांना बिस्किटं घाला, आमच्या गोष्टी वाढवून सांगा. पण आमच्या मायेपायी दुखणं अंगावर काढू नका. कळा दाबायच्या असतात, सोसायच्या नसतात.