मी न पाहिलेली हत्तीण

मी दुर्बीण बोलतेय. कडांचा काळा रंग उडालाय, पट्टा दोनदा शिवून झालाय आणि उजव्या भिंगाच्या कोपऱ्यात थोडी बुरशी आहे. तेवढं सोडलं तर तब्येत ठणठणीत. लांबचं जवळ आणून दाखवणं हे माझं काम. आणि गंमत बघा, माझं सगळं आयुष्य शहराला लागूनच असलेल्या एका अभयारण्यात जायचे बेत ऐकण्यात गेलं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथं एक बाई प्रत्येक नवी दुर्बीण डोळ्यांना लावून समोरच्या गोदामाची भिंत बघायच्या. त्यामुळे मी जगात आल्यावर पहिली पाहिली ती वीट. पुढं कॅमेऱ्यांच्या दुकानात काचेच्या कपाटात बसले असताना एक नवं जोडपं आत आलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, नखांत निळा रंग होता. ती प्रसूतिगृहात नर्स. त्याला सगळे पेंटर म्हणायचे आणि तिला सिस्टर. लग्न झाल्यावरही तो तिला सिस्टरच म्हणत राहिला. नातेवाइकांनी चिडवून चिडवून नाद सोडला, पण याची सवय सुटली नाही.

"हत्ती बघायला जायचंय," तो दुकानदाराला म्हणाला, "येत्या रविवारी."

तो रविवार काही उजाडला नाही. सिस्टरला ऐन वेळी ड्यूटी लागली. मग पेंटरला एका मोठ्या पाटीचं काम आलं, मग लेकीचा जन्म, मग लेकीचे ताप आणि परीक्षा. "जवळच तर आहे, कुठं पळून जातंय?" असं दोघं एकमेकांना समजावायची. माणसांचं हे मला कधी कळलं नाही. लांबच्या ठिकाणी ती धडपडत जाऊन येतात आणि हाकेच्या अंतरावरचं राहून जातं.

पण बेत मात्र व्हायचे, आणि काय व्हायचे! संध्याकाळी दोघं घरी असली की पेंटर जेवणाचं टेबल पुसून घ्यायचा. साखरेचा डबा म्हणजे डोंगर. पाण्यानं भरलेली बशी म्हणजे तळं. काडेपेटी म्हणजे जीप. ती तो बोटानं हळूहळू ढकलत न्यायचा आणि बोलत राहायचा. पहाटे निघायचं. भडक कपडे नकोत. तू डावीकडे बस, म्हणजे ऊन डोळ्यांवर येणार नाही. हे बघ, फाटकातून आत शिरलो. धुकं आहे. डावीकडे तळं. तळ्याकाठी हत्तीण उभी आहे, आणि पिल्लू तिच्या पोटाखाली.

"मग?" सिस्टर हनुवटीखाली हात घेऊन विचारायची.

"मग काय, पिल्लू पाण्याला घाबरतंय. आई सोंडेनं ढकलतेय त्याला."

त्या वेळी दिव्याखाली ती बशी खरंच चमकायची. मी खुंटीवरून बघायचे आणि मलाही गवताचा वास आल्यासारखं वाटायचं. मला तर नाकही नाही.

एरवी माझे उद्योग अगदीच घरगुती होते. उंच पाटीवर रंगाचा ओघळ राहिलाय का, ते पेंटर रस्त्यावरूनच माझ्यातून तपासायचा. लेक गच्चीवरून शाळेची बस येतेय का बघायची. शेजारच्या काकू "चंद्र बघायचाय" म्हणून मला घेऊन जायच्या आणि समोरच्या घरात कोण पाहुणे आलेत ते बघायच्या. मी सगळं पाहिलं. हत्ती तेवढा पाहिला नाही.

मग पाट्या छापून मिळायला लागल्या, ब्रश वाळले आणि मी टेबलासमोरच्या काचेच्या कपाटात गेले. लेक लग्न होऊन गेली. सिस्टर निवृत्त झाली, आता वेळच वेळ होता. पण तेव्हाच पेंटरचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग काकूंचं नाव, मग जेवण झालंय की नाही तेसुद्धा.

एक दिवस लेकीचे सासू-सासरे चहाला आले होते. बोलता बोलता अभयारण्याचा विषय निघाला. पेंटर खुर्चीत सरसावून बसला.

"आम्ही जाऊन आलोय की. पहाटे निघालो. फाटकातून आत गेलो, तर डावीकडे तळं, तळ्याकाठी हत्तीण, आणि पिल्लू तिच्या पोटाखाली. काय गं सिस्टर?"

चहाचा ट्रे हातात घेऊन सिस्टर दारातच थांबली. सगळं आयुष्य ती कुणाशी खोटं बोलली नव्हती. प्रसूतिगृहातल्या रडवेल्या नवऱ्यांनाही ती जे असेल तेच सांगायची. पण नवऱ्याचा फुललेला चेहरा तिनं पाहिला आणि म्हणाली, "हो. धुकं होतं त्या दिवशी."

कपाटात मी ओरडणार होते की माझ्या भिंगांतून हत्तीण गेलेली नाही. बरं झालं, मला तोंड नाही. कारण त्यानंतर बाकीचं सगळं त्याच्या हातून निसटत गेलं, ती हत्तीण तेवढी राहिली. रोज तो ती सांगायचा आणि एक शब्द चुकायचा नाही.

गेल्या महिन्यात लेक आली. आल्या आल्या म्हणाली, "आई, मी अभयारण्यातली जीप ठरवलीय. तुम्ही दोघं आणि मी."

"नको," सिस्टर म्हणाली.

"आयुष्यभर तुला जायचं होतं ना?"

"अजूनही जायचंय गं. पण तिथं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कधी आलोच नव्हतो, तर? एवढी एकच गोष्ट उरलीय त्यांच्याजवळ."

"आणि तुझ्याजवळ काय उरलंय?"

सिस्टर फडक्यानं टेबल पुसत राहिली. पुसून झाल्यावर मात्र तिनं साखरेचा डबा उचलून मधोमध ठेवला, आणि मायलेकी समोरासमोर बसल्या.

असा बेत मी कधी ऐकला नव्हता. पेंटरच्या आठवणीत जसं होतं तस्संच खरं अभयारण्य निघायला हवं होतं. लेकीनं तिथल्या कचेरीत फोन लावला. "तळं आत गेल्यावर डावीकडे लागतं का हो?" तिकडचा माणूस म्हणाला, तळं उजवीकडे आहे आणि बरंच आत आहे. मायलेकी घाबरल्या. मग लेकीनं विचारलं, मागच्या फाटकानं आत घेता का? त्या बाजूनं तळं डावीकडे येत होतं. जीपवाल्याला सांगून ठेवलं, की बाबांना बघून ओळख असल्यासारखं बोला. मला कपाटातून काढून पुसलं. सिस्टरनं एकच भिंग तीनदा पुसलं, आणि मलाही भीती वाटत होती. तळं जुळवता येतं. हत्तीण कोण आणून उभी करणार?

आणि आज आम्ही आलो. धुकं अगदी हवं तेवढं होतं. जीपवाला म्हणाला, "या काका, परत आलात?" पेंटरनं मान डोलावली. मागच्या फाटकानं आत शिरलो. मी त्याच्या छातीवर होते, त्याचं काळीज मला ऐकू येत होतं. वळण घेतलं आणि डावीकडे तळं आलं. जीप थांबली.

काठावर कुणी नव्हतं. फक्त पाणी, लव्हाळी आणि एका पायावर उभा असलेला बगळा.

पेंटरनं मला डोळ्यांना लावलं आणि फार वेळ तसाच बसला. मग मला खाली घेतलं.

"सिस्टर, इथं आपण आधी आलो नव्हतो ना?"

लेक काहीतरी सावरायला गेली. सिस्टरनं तिचा हात दाबला.

"मला मधूनमधून शंका यायची," तो म्हणाला. "पण तू हो म्हणालीस. तू कधी खोटं बोलत नाहीस, म्हणून मी म्हटलं, आलोच असू."

सिस्टर त्याच्याकडे वळली. "नव्हतो आलो. मी खोटं बोलले. आज पहिल्यांदाच येतोय."

मी श्वास रोखला. मला श्वास नाही, तरी रोखला. पेंटर पाण्याकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"मग बरं झालं की," तो म्हणाला. "म्हणजे हत्तीण अजून बघायची आहे."

त्यानं पट्टा गळ्यातून काढला आणि मला तिच्या गळ्यात घातलं. "आधी तू बघ."

आता मी सिस्टरच्या डोळ्यांना लागलेली आहे. डोळे ओले आहेत, त्यामुळे माझ्या भिंगांवर वाफ धरलीय आणि आम्हा दोघींना नीटसं काही दिसत नाही. पलीकडच्या काठावर लव्हाळी हलताहेत. वाराही असेल. तुमचा निरोप घेते. इथं मोठ्यानं बोलायचं नसतं, आणि मला बघायचंय.