ओढ्यापलीकडचा बंब

ऑर्व्हिल चान्झ बावीस वर्षं लिंटन टाऊनशिपच्या अग्निशमन दलाचा प्रमुख होता. दल म्हणजे दोन बंब आणि चौदा स्वयंसेवक. त्याचं स्वतःचं घर मात्र ओढ्याच्या पश्चिमेला होतं, आणि ओढ्यावरचा पूल बंबाचं वजन पेलत नसे. म्हणून नऊ वर्षांपूर्वी ऑर्व्हिलनेच नकाशावर रेघ मारून पश्चिमेकडची अकरा घरं शेजारच्या मार्ल टाऊनशिपच्या दलाला देऊन टाकली. मार्लचा प्रमुख वेंडेल क्रम तेव्हा म्हणाला होता, "डांबरी रस्ते तुला, चिखल मला. छान!" त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी ऑर्व्हिलच्या शेडमध्ये जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या आपोआप पेटल्या. चिंध्यांचा असा ढीग ठेवू नये, हे तो दरवर्षी शाळेत जाऊन मुलांना सांगत असे.

त्याने नियंत्रण कक्षाला फोन केला. तिथे डार्लीन होती.

"तुमचाच बंब पाठवू ना, चीफ?"

"नको. मी पश्चिमेला राहतो."

"म्हणजे मार्लचा."

"हो."

"म्हणजे वेंडेलचा."

"डार्लीन, कोणाचा ते मला माहीत आहे."

तेरा मिनिटांनी वेंडेल आला. तोवर ऑर्व्हिलने बागेची नळी घराच्या भिंतीवर धरली होती आणि त्याची बायको इमोजेन मांजराला गाडीत बसवून बसली होती.

"घरमालक कोण?" वेंडेलने विचारलं.

"वेंडेल, मी आहे."

"घरमालकाने मागे व्हायचं. तुमच्याकडे नियम वेगळे आहेत का?"

ऑर्व्हिल मागे झाला. दुसऱ्याला आपल्या घरावर पाणी मारताना बघणं त्याला फार जड गेलं. शेड तर गेलंच होतं. आता घराच्या छपराकडे धग वळत होती, आणि तेवढ्यात बंबातलं पाणी संपत आलं.

"जवळ पाणी कुठे?" वेंडेल ओरडला. "नकाशात तर तीन मैलांवर दाखवलंय."

ऑर्व्हिल म्हणाला, "त्या मक्याच्या शेतामागे तळं आहे."

"नकाशात नाही."

"नकाशा मी काढलाय. तळं मी विनापरवाना खणलंय."

वेंडेलने नकाशाची घडी केली. "खोल किती?"

"नऊ फूट. मासेही आहेत."

पंप तळ्याला लागला. छपराचा एक कोपरा काळा पडला, घर वाचलं. नळीतून दोन मासे अंगणात येऊन पडले. ते कोणी उचलले नाहीत.

इमोजेनने सगळ्यांना कॉफी आणि घरी भाजलेला ॲपल पाय दिला. वेंडेल पायरीवर बसून खात होता. खाता खाता म्हणाला, "असली तळी आणखी किती आहेत तुझ्या बाजूला?"

"माहितीतली चार."

"आणि माझ्या बाजूला सात. सांगितलं नाही कोणाला."

पुढच्या शनिवारी दोघं वेंडेलच्या ट्रकमधून निघाले. ऑर्व्हिल नकाशावर पेन्सिलने तळी मांडत होता, वेंडेल गाडी चालवत होता. पहिले दोन तास फक्त डावीकडे-उजवीकडे एवढंच बोलणं झालं. मग वेंडेलने विचारलं, "तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे?"

"तीन वर्षं झाली."

"बरा आहे का?"

"पावसात दुखतो," ऑर्व्हिल म्हणाला, आणि उजवीकडे वळायला सांगितलं.