पाहुणी गाडी

"त्या निळ्याला तिथं नको घेऊस. शेजारी त्याची बहीण येईल, दोघं भांडतील," हे आरामखुर्चीतून म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

"तुम्ही झोपा हो," मी म्हटलं आणि निळं बटण हळूच खालच्या ओळीत सरकवलं. यांचं बरोबर होतं, पण तसं कबूल केलं की हे डोक्यावर बसतात.

जेवणाच्या टेबलावर दुपारचं ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात माझी बटणं मांडलेली होती. मी शिवणकाम करणारी बाई. वाचनालयात मुलांच्या लाकडी गाड्यांची शर्यत होते, तिचं वेळापत्रक माझ्याकडे यायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण एका वर्षी ग्रंथपालबाईंनी ते कागदावर आखलं आणि एक मूल चक्क विसरून गेल्या. ते बिचारं गाडी छातीशी धरून शेवटपर्यंत उभं राहिलं. तेव्हापासून मी बटणं मांडते. एक मूल, एक बटण. तिघांचा गट, प्रत्येक गटाच्या तीन फेऱ्या, आणि दर फेरीला पट्टी बदलायची, कारण गाड्या सोडायच्या लाकडी उतारावर तीन पट्ट्या आहेत आणि त्यांतली भिंतीकडची जरा मंद आहे. तो मंदपणा सगळ्यांच्या वाट्याला सारखा यायला हवा.

माझ्या डब्यात एक मोठं तपकिरी बटण आहे. हे बस चालवायचे, तेव्हाच्या कोटाचं. झालं असं, की मुलं तिनाच्या हिशेबात कधी नीट बसत नाहीत. शेवटच्या गटात जागा उरते, आणि शेजारी रिकामी पट्टी दिसली की मूल हिरमुसतं. म्हणून त्या जागेवर यांची गाडी धावते. पाहुणी गाडी. तिचा नंबर धरत नाहीत. शिवाय यांनी चाकांच्या दांडीला लोकरीचा धागा गुंडाळून तिला मुद्दाम मंद केलं आहे. त्यामुळे त्या गटात कुठलंच मूल शेवटचं येत नाही.

"जन्मभर वेळेवर पोचलो," हे म्हणतात. "आता उशिरा पोचायची मजा घेतो. आणि पाहुण्यानं पुढे पुढे करू नये."

आम्हाला मूलबाळ नाही. शर्यतीला दोरीपलीकडे आई-बाप उभे असतात, आपापल्या पोराच्या नावानं ओरडत. मग "पाहुणी गाडी!" असा पुकारा होतो, हे टुणकन उठतात आणि मी ओरडते. वर्षातून एकदाच, पण घसा बसेपर्यंत ओरडते.

पहिल्या वर्षी घाईत यांनी स्वतःच ते बटण कोटावरून तोडून दिलं होतं. नंतर शिवायला घेतलं तर नको म्हणाले. दुसरंही लावू दिलं नाही. "माझं नाव आहे ते. डब्यातच राहू दे." तेव्हापासून थंडीत उघड्या कोटानं हिंडतात आणि लोक मला हसतात. शिंपिणीचा नवरा, आणि कोटाला बटण नाही!

तर सगळं मांडून झालं होतं. शेवटच्या गटात दोन चिमुकली बटणं आणि शेजारी आमचं तपकिरी. गाडी यांच्या पोटावर होती, तेलपाणी केलेली, श्वासाबरोबर वर-खाली होणारी. माझाही डोळा लागला. बटणं टेबलावरून निघाली, खिडकीतून उन्हाच्या उतारावर लागली, आणि सगळ्यांच्या मागून तपकिरी बटण डुलत डुलत चाललं होतं, त्याला कसलीच घाई नव्हती. मी ओरडत होते, पण आवाज फुटत नव्हता. मग दार वाजलं.

दारात एक मुलगी. हातात खोक्याच्या लाकडाची गाडी, तिचं एक चाक दुसऱ्यापेक्षा मोठं.

"आजी, शर्यतीचं नाव इथं घेतात ना?"

"नावं काल बंद झाली, बाळ."

"मला ताप होता काल. बाबा म्हणाले, विचारून तर बघ."

मी मागे वळून टेबलाकडे पाहिलं. शेवटच्या गटात एकच जागा होती, तपकिरी बटणाची.

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडात कसा आला कोण जाणे. लग्नाच्या आदल्या दिवशी कापड घेऊन येणाऱ्यांनाही मी कधी परत पाठवलं नव्हतं.

खुर्ची करकरली. हे टेबलाशी आले, तपकिरी बटण उचललं आणि डब्यात बोटं घालून म्हणाले, "पिवळं आवडतं का गं तुला?"

"लाल," मुलगी म्हणाली.

"मग लाल."

ती उड्या मारत गेल्यावर मी यांच्यावर घसरले. "एक वर्ष ती नसती आली तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"तिला दारातून परत पाठवायचं, आणि उद्या तिच्या जागेवर मी गाडी सोडायची? मला जमलं असतं का ते?"

यांनी आतून कोट आणला, माझ्या मांडीवर ठेवला आणि वर ते बटण ठेवलं.

"शिवून टाक आता."

सुईत दोरा काही केल्या ओवता येईना. उजेड गेलाय, असं मी म्हटलं. ऊन टेबलावर तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी शर्यत छान झाली. वेळापत्रक कुठं अडलं नाही, कुणी विसरलं गेलं नाही. हे उताराच्या पायथ्याशी उशी धरून बसले आणि येणारी प्रत्येक गाडी झेलत राहिले. लाल बटणाची मुलगी तिन्ही फेऱ्यांत शेवटची आली.

"मी तर कायम शेवटचा," हे तिला म्हणाले. "सवय करावी लागते."

ती हसली नाही. गाडी घेऊन भिंतीशी जाऊन बसली.

लोक पांगले. मुलीचे बाबा ग्रंथपालबाईंना खुर्च्या आवरायला मदत करत होते. मी पिशवीतून यांची गाडी काढली.

"ही कशाला आणलीस?"

"सोडा एकदा."

यांनी ती हातात घेतली, चाक फिरवून पाहिलं. किती सोडावीशी वाटत होती ते मला त्या बोटांत दिसत होतं. मग परत माझ्याकडे दिली. "एकटीला कसली शर्यत?"

तेवढ्यात ती मुलगी आली आणि काही न बोलता तिनं आपली गाडी वर, भिंतीकडच्या पट्टीवर ठेवली.

"ती मंद आहे. ती माझी," हे म्हणाले.

त्यांनी जागा बदलल्या. मी गाड्यांपुढची अडसराची फळी उचलली. वेळापत्रकं इतकी केली, पण गाड्या मी कधी सोडल्या नव्हत्या. मुलीची गाडी खडखडत निघाली आणि उशीत जाऊन घुसली. यांची निम्म्यापर्यंत आली आणि थांबली. चाकाचा धागा सुटून गुंतला होता.

"थांबली," मुलगी म्हणाली.

"पाहुणे वाटेत टेकले. जिंकलीस की गं!"

तिनं उशीकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं, आणि धावत सुटली. "बाबा, मी जिंकले!"

हे बराच वेळ उतारावर अडकलेल्या गाडीकडे बघत उभे राहिले. शेवटी मीच ती उचलून पिशवीत ठेवली.

बाहेर वारा सुटला होता. वाचनालयाच्या पायरीवर यांनी कोटाला मी शिवलेलं तपकिरी बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"अगं, उबदार आहे की हा कोट," हे म्हणाले. "इतकी वर्षं कळलंच नव्हतं."