भानुमतीबाईंचा नावडता शब्द

भानुमतीबाईंना ‘नाइस’ हा शब्द डोळ्यांसमोर नको असायचा. तुकोगंजातल्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं, आणि निबंधात कुणी ‘नाइस’ लिहिलं की लाल शाईची रेघ ठरलेली. “जेवण नाइस, माणूस नाइस, हवा नाइस! अरे, सगळ्यांना एकच माप? जेवण रुचकर असतं, माणूस प्रेमळ असतो. नाइस म्हटल्याने काहीच कळत नाही!”

म्हणूनच त्यांचे यजमान देवदत्तराव घरात मुद्दाम तोच शब्द वापरायचे. भाजी कशी झालीय? नाइस. नवी साडी? नाइस. बाई चिडल्या की स्वारी खूश.

यंदा देवदत्तरावांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय हळूहळू चालू लागले, वाचा मात्र परतेना. पलासियाच्या क्लिनिकमधली पलक घरी येऊन बोलण्याचा सराव करून घ्यायची. बाई तर देव पाण्यात घालून बसल्या होत्या. यांनी एकदा “भानू” म्हणून हाक मारावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

एका सकाळी चहाचा घोट घेऊन देवदत्तराव अडखळत म्हणाले, “ना... नाइस.”

झालं! बाईंमधली मास्तरीण जागी झाली. “नाइस नको हो! नीट सांगा. गरम म्हणा. म्हणा बघू, ग-र-म.”

देवदत्तरावांनी कप खाली ठेवला. ओठ मिटले ते मिटलेच. पलक आली तरी ते भिंतीकडे तोंड करून बसू लागले.

पलकला सगळं कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. “आंटीजी, हे काय केलं तुम्ही? जो शब्द जिंदगीभर सबसे जादा बोलला ना, तोच पहिले येतो. त्याच्याच मागे बाकीचे येतात. तुम्ही तर दरवाजाच बंद करून टाकला!”

बाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. जन्मभर सर्वांत जास्त बोललेला शब्द! म्हणजे जन्मभर हा माणूस आपल्याला चिडवत होता, आणि त्यातच सुखात होता. आता हा असाच गप्प राहिला तर या घरात आपण भांडायचं तरी कुणाशी?

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोहे केले, वर शेव घातली, जीरावन मसाला भुरभुरला. समोर बसून पहिला घास स्वतःच घेतला आणि मोठ्याने म्हणाल्या, “नाइस!”

देवदत्तरावांनी चमकून पाहिलं.

“चहासुद्धा नाइस झालाय. हवा नाइस आहे. आणि तुमचा हा सदरा, तो तर व्हेरी नाइस!” बोलता बोलता बाईंचे डोळे वाहू लागले.

देवदत्तरावांच्या वाकड्या ओठांवर हसू आलं. बराच वेळ त्यांचे ओठ नुसतेच हलत राहिले. मग चांगला हात उचलून त्यांनी बाईंचा गाल पुसला.

“भा... भानू,” ते म्हणाले. “नाइस.”

कुठला नाइस, हे विचारायचं बाईंच्या मनातही आलं नाही.