पट्टी विचारायची नाही

कीबोर्डावर एकसष्ट पट्ट्या होत्या. छत्तीस पांढऱ्या, पंचवीस काळ्या. पांढऱ्यांपैकी दोन मुक्या झाल्या होत्या, पण त्या अगदी टोकाच्या. तिथपर्यंत हात जायचं काम नव्हतं. उजव्या कोपऱ्यात सूर वर-खाली करणारी दोन बटणं होती, एक अधिकचं आणि एक उणेचं. अधिकचं चिन्ह कालच छापल्यासारखं ठळक होतं. उणेचं पार पुसलं गेलं होतं आणि ते बटण आत खचून बसलं होतं. आता कुठलंही दाबलं तरी सूर हलत नव्हता. धूळ पुसता पुसता मैत्रीनं हे सगळं पाहून घेतलं. एक बटण झिजलं आणि दुसरं कोरं राहिलं, याचा विचार काही तिनं त्या दिवशी केला नाही.

कीबोर्ड भगवानरावांचा. देवाजी गुरुजींच्या गायन पार्टीत ते तो वाजवायचे. दिवाळीनंतर ते मुलाकडं मंचेरियलला राहायला गेले आणि कीबोर्ड आदिलाबादजवळच्या मावल्याच्या समाजमंदिरात ठेवून गेले. देवाजी गुरुजी म्हणजे मैत्रीचे बाबा. शाळेतून निवृत्त झाले तरी जयंतीला, विहाराच्या उद्घाटनाला, भीमपूरकडच्या गावांतून आणि पैनगंगेपलीकडूनही त्यांना बोलावणं असायचं. वाजवणारा गेल्यामुळं यंदाची चौदा एप्रिल हातची जाते की काय, अशी वेळ आली, तेव्हा मैत्री म्हणाली, "मी शिकते." ती खासगी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची, सुराशी तिचा संबंध ऐकण्यापुरता.

"काका, मला ना स्वरलिपी येत ना राग," तिनं फोनवर भगवानरावांना सांगितलं.

"मले तरी कुठं येते? मी तं सारे गाने पांढरी एकवरच वाजवले. गुरुजीनं सूर लावला का बटन दाबाचं. बोटं आपल्या जाग्यावर, आवाज त्यायच्या जाग्यावर. आता बटन मेलं, तं तुले घर बदला लागन."

"घर?"

"जिथून गानं निंगते आन जिथं येऊन बसते, थे घर. थे सापडलं का बाकीचं शेजारीपाजारी."

मग ते म्हणाले, "आन एक ध्यानात ठेव. गुरुजीले पट्टी इचाराची नाई."

"काऊन?"

"गायकाले पट्टी इचारनं म्हंजे त्याच्या आवाजावर शक घेनं. त्यायनं आलाप घेतला का आपन गुपचूप घर शोधाचं. आपल्या पार्टीत हे पयलेपासून चालत आलं."

मैत्रीनं आपली रीत काढली. पांढरी एकपासून, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून, सरळ सरगम वाजवली आणि दोन सुरांमध्ये किती पट्ट्यांचं अंतर पडतं ते मोजलं, काळी-पांढरी असा भेद न करता. दोन, दोन, एक. मग दोन, दोन, दोन, एक. तेच अंतर धरून तिनं काळी एकपासून सुरुवात केली. बोटं वेगळ्याच ठिकाणी पडली, पण सरगम तीच निघाली. तीन बोटांचा मेळही तसाच: घरापासून चार, तिथून पुढं तीन. जिथून लावावा तिथून लागत होता. पाठ करायला काही उरलंच नाही, फक्त घर माहीत पाहिजे. त्या संध्याकाळी ती जेवायला बसली तरी तिची बोटं ताटाच्या कडेवर मोजत होती.

डिसेंबरात बाबांचा सूर काळी एकवर लागायचा. तिथं हात बसतो न बसतो तोच जानेवारीत घर पांढरी एकवर आलं. फेब्रुवारीत तिला खालच्या सप्तकातली पांढरी सात शोधावी लागली.

ढोलकीवर तिचा चुलतभाऊ हर्षदीप असायचा, मंडल कार्यालयात, म्हणजे तालुका कचेरीत, कारकून. तो एकदा ढोलकीची दोरी ओढता ओढता म्हणाला, "ताई, तू तं दर महिन्याले घर बदलून राह्यली. किरायादार हायेस का?"

"तुझ्यासारखी एका थापेवर नोकरी नाही करत मी."

"गुरुजी, पाहा, तुमची पोरगी आता आमाले बोलते."

देवाजी गुरुजी हसले. हसताना खोकला आला, तो गळ्याच्या मफलरात जिरवला. उन्हं तापायला लागली होती, तरी मफलर सुटला नव्हता. समाजमंदिरात ऐकायला बसणारे म्हातारे एकमेकांना सांगत होते, गुरुजीचा आवाज आता पिकला, काय खर्ज लागून राह्यला. गुरुजी ते ऐकून मान खाली घालायचे. घरी मात्र ते भात पातळ करून मागत होते आणि प्रत्येक घोट गिळताना डोळे मिटत होते.

मार्चमध्ये मैत्रीनं सरावासाठी मोबाइलवर मागच्या जयंतीचं चित्रण लावलं. बाबा निळ्या फेट्यात उभे होते, पहिलाच आलाप होता. तिनं सवयीनं घर शोधायला बोट टेकवलं. पांढरी सात जुळेना. पांढरी एक, काळी एक, तीही नाही. शेवटी बोट काळी दोनवर जाऊन थांबलं. आपलं चुकलं असेल म्हणून तिनं त्याच कार्यक्रमातली बाकीची गाणी लावून पाहिली. सगळी काळी दोनची होती.

काळी दोनपासून पांढरी सातपर्यंत तिनं डावीकडं मोजलं. चार पट्ट्या. उजवीकडं घर एकदाही सरकलं नव्हतं. मग तिची नजर कोपऱ्यातल्या त्या दोन बटणांवर गेली आणि तिनं मंचेरियलला फोन लावला.

"काका, तुम्ही अधिकचं बटण शेवटचं कधी दाबलं होतं?"

पलीकडं पंख्याची घरघर बंद झाली.

"नाई आठवत," भगवानराव म्हणाले. "कोरं कीबोर्ड घेतलं तेव्हा काळी दोन धरून ठेवली होती. मंग पावसाळ्यात गळा बसला असन म्हनून एक कमी केलं. मंग अजून एक. इचारता तं येत नवतं न पोरी. कमी केलं का गानं निभून जाये."

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत."

"कोनाले बोलू? गुरुजीले?"

त्या रात्री जेवताना ती बाबांना म्हणाली, "उद्या आदिलाबादला जाऊ, घसा दाखवून येऊ." देवाजी गुरुजींनी ताट बाजूला सारलं. "गळा हाय, बसते. चौदा एप्रिल होऊ दे." आई, रुख्मिणीबाई, चुलीकडं तोंड करून म्हणाल्या, "मी पोळ्यापासून म्हनून राह्यली. आयकते कोन?" दुसऱ्या दिवशी मैत्रीनं विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. उत्तर तेच. तोवर तारखेला महिना उरला होता.

तिनं हर्षदीपला गाठलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "मंग पांढरी सहावर ये न. तुले आता कोनतंही घर सापडते. जयंती निभवू, मंग पाहू."

तेच तर होतं. तिला कुठलंही घर सापडत होतं. पांढरी सहा शोधायला तिला आता एक दुपार पुरली असती. मग पट्ट्या डावीकडं सरकत राहिल्या असत्या, लोक खर्जाचं कौतुक करत राहिले असते, आणि बाबांनी डॉक्टरकडं जायचं कारणच कुणाला दिसलं नसतं.

रविवारी दुपारी तालीम होती. सात-आठ जण सतरंजीवर बसले होते. बाबांनी पाण्याचा घोट घेतला आणि आलापासाठी मान वर केली. एरवी मैत्री थांबायची. आज ती थांबली नाही. तिनं घर धरलं काळी दोनवर आणि गाण्याआधीचे सूर वाजवायला सुरुवात केली.

देवाजी गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं. दिलेला सूर सोडून गाणारे गायक ते नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि सूर घेतला. पहिली ओळ कशीबशी लागली. दुसरीत आवाज खरखरला. हर्षदीपची थाप मऊ झाली. अंतऱ्याला वरचा सूर आला, गुरुजींनी मान ताणली, गळ्याच्या शिरा उभ्या राहिल्या आणि तोंडातून नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवा. ओठ शब्द म्हणत होते, शब्दाला आवाज नव्हता. ढोलकी थांबली. मैत्रीनं पट्ट्यांवरून बोटं उचलली नव्हती, त्यामुळं तो मेळ तसाच वाजत राहिला.

सतरंजीवरचा एक म्हातारा उठून चप्पल शोधायला लागला, मग तसाच उभा राहिला.

"काऊन केलं?" बाबांनी विचारलं. घोगऱ्या, तुटक आवाजात.

"मागच्या जयंतीची पट्टी आहे, बाबा. तुमचीच."

"मले सांगाचं होतं."

"मी रोज सांगत होते."

हर्षदीप म्हणाला, "गुरुजी, आमीबी ओळखत होतो. बोललो नाई."

देवाजी गुरुजींनी सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं. कुणी नजर दिली नाही. त्यांनी मफलर सोडला. मानेच्या डाव्या बाजूला, कानाखाली, सुपारीएवढा उंचवटा होता. तो त्यांनी बोटानं चाचपला, जणू तिथं आहे की नाही याची खात्री करावी तसा.

"किती पट्ट्या उतरलो?" त्यांनी विचारलं.

"चार."

"बापा." त्यांनी मफलरची घडी घालून बाजूला ठेवली. "दवाखाना किती वाजता उघडते?"

सोमवारी सकाळी ते आदिलाबादला गेले. तेलुगू डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून पाहिलं, हिंदीत दोन-चार प्रश्न विचारले आणि स्कॅन करायला सांगितलं. बाबा आत असताना मैत्री बाकावर बसून होती. हात मांडीवर, बोटं स्थिर. अहवाल गुरुवारी मिळाला. डावा स्वरतंतू हलत नाही. त्यावरची गाठ लांबीला एकोणीस मिलिमीटर, रुंदीला अकरा. मानेतली गाठ सव्वीस मिलिमीटर.