दुधातले रंग

सासूबाई गेल्या त्या सकाळपासून माझ्या दुधाला रंग येऊ लागला. उजवीकडून गेरू, डावीकडून पिवळी पिवडी. रेणू, माझी रांगती लेक, नेहमीसारखीच प्यायची. हनुवटीवर विटकरी ओघळ यायचा, तो मी पदरानं पुसायची.

मी चित्रं काढते. तेराव्याला फोटोऐवजी मी काढलेलं चित्रच ठेवायचं, असं घरात ठरलं. हिरव्या लुगड्यातलं, कपाळभर कुंकवाचं.

पण शेवटच्या आंघोळीला पाणी घालायला सून म्हणून मीच होते. पोटावरच्या वळ्या, बाळंतपणाच्या चंदेरी रेषा, पाण्याच्या धारेखाली किंचित हलणारे स्तन. सगळ्या रडत होत्या आणि मी सावल्या बघत होते. इतकं सुंदर काही मी आजवर बघितलं नव्हतं. हे सांगणार कुणाला?

रेणू झोपली की मी तेच अंग काढायला बसायची. ट्यूबमधले रंग त्या अंगावर टिकेनात, लावले की माशांसारखे उडून जायचे. दुधातले मात्र धरायचे. मग मी वाटीत पिळून घेऊ लागले. रेणूपुरतं ठेवायची. मग त्याहून थोडं कमी.

चित्राला ऊब येत गेली. रेणू हलकी होत गेली. तिला उचलताना माझे हात हवे त्याहून वर जायचे.

तेराव्याच्या सकाळी माझी नणंद, कुंदा, हार घेऊन खोलीत आली.

"अगं बाई! वहिनी, आईला पदर तरी दे."

"देते. रंग संपलाय."

"बाहेर गुरुजी बसलेत, मामा बसलेत. आणि ही पोर का रडतेय?"

"भूक लागलीय."

"मग पाज की! बघत काय बसलीस?"

मी रेणूला छातीशी धरलं. काहीच आलं नाही. कुंदानं ते बघितलं, मग वाटी बघितली, मग चित्र. तिनं हार खाली ठेवला. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

रेणू मांडीवरून उतरली, रांगत चित्रापाशी गेली. चौकट धरून उभी राहिली आणि आजीला प्यायला लागली.

सासूबाईंची पावलं पांढरी पडली. मग पोटऱ्या. मग पोटावरच्या त्या रेषा. रेणूचे गाल भरले, टाचा जमिनीवर नीट टेकल्या.

"आई चालली गं," कुंदा म्हणाली.

मी धावले. रेणूच्या काखेत हात घालून तिला मागं ओढायला लागले. तेवढ्यात रंग जाऊन नुसत्या कोळशाच्या रेषांचा उरलेला सासूबाईंचा एक हात कॅनव्हासमधून बाहेर आला आणि रेणूवरचं माझं एकेक बोट सोडवू लागला.